कानसेनांची शेवटची जोडी

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. बाहेर सगळे त्यांना कानसेन म्हणत. गाता गळा नाही, वाजवता हात नाही, पण ऐकायला बसले की मान अशी काही तिरकी करून बसत की गाणाऱ्यालाच आपलं काही चुकलं की काय असं वाटावं. हे नाव शेजारच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरने चेष्टेत ठेवलं होतं. चेष्टा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, एकट्या कानसेनांना सोडून. त्यांनी ते नाव पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं आणि पुढे तसेच वागायला लागले. मग हळूहळू डॉक्टरही चेष्टा विसरला.

नोकरी वजनमापे खात्यात, निरीक्षकाची. दुकानादुकानातले तराजू तपासायचे, काटा बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर तराजू उचलून न्यायचा. खात्याची प्रमाण वजनं मखमल लावलेल्या पेटीत असत. ती बोटांनी उचलायची नाहीत, चिमट्याने उचलायची. बोटाचा घाम लागला तर वजन बिघडतं. कानसेन ती पेटी कुणाच्या हातात देत नसत. दुकानदार कितीही गयावया करो, "साहेब, पिढ्यान् पिढ्या हाच तराजू आहे," म्हणो, कानसेन शांतपणे सांगत, "पेटीतलं वजन खोटं बोलत नाही. बोलत असेल तर तुमचा तराजू." यावर कुणाला काय बोलता येणार? वजन पेटीत, पेटी कानसेनांच्या हातात. त्या मखमलीवर संशय घ्यायचं धाडस तालेवार व्यापाऱ्यालाही झालं नाही.

असा माणूस घरी गाणी ऐकायला बसला तर साध्यासुध्या स्पीकरवर कसं भागणार? तरुणपणी एकदा एका दुकानात त्यांनी स्पीकरची भारी जोडी ऐकली. गाणारी बाई जणू दोन खोक्यांच्या बरोबर मधोमध उभी राहिली, श्वास घेताना तिचा पदर हलला असावा इतकी जवळ. कानसेनांचे डोळे भरून आले. जोडी घरी आली, मोठ्या हौसेने लावली, आणि बाई गायब. आवाज होता, पण कुठून येतोय ते कळेना. भिंतीतून, छतातून, पडद्यामागून, सगळीकडून थोडा थोडा. आणि पोट तर नव्हतंच. पोट म्हणजे खालचा, भरदार आवाज. हा शब्द कानसेनांचा. ते म्हणत, "या जोडीला पोट नाही," आणि ऐकणारे स्वतःच्या पोटाकडे बघत.

पहिली जोडी मेहुण्याला देऊन टाकली. मग दुसरी आणली, मग तिसरी, मग उंच पायांची, मग राखाडी. दुकानात प्रत्येक जोडी पोटभर गायची आणि घरी आली की तिची भूक मेल्यासारखी व्हायची. कानसेनांनी विचार केला, आणि निरीक्षकाच्या शिस्तीने निष्कर्ष काढला: स्पीकर चांगले, घर वाईट.

आता घर म्हटलं की त्यात कानसेनांचं काय होतं? एक खुर्ची. बाकी सगळं बायकोचं. त्यामुळे दोष निघाला तो तिच्या सामानात. आधी आरशाचं कपाट गेलं, काचेवर आवाज आपटतो म्हणून. ते तिच्या आईने लग्नात दिलेलं होतं. मग फडताळातली स्टीलची भांडी वरच्या माळ्यावर गेली, ती सुरात थरथरतात म्हणून. भिंतीवरच्या तसबिरी उतरल्या, त्या जागी जाड गोधड्या लटकल्या. पाहुण्यांना वाटायचं, वाळत घातल्यात. बायकोने सुरुवातीला एकदोनदा म्हणून पाहिलं, "अहो, पण तुमच्या मेहुण्यांकडे तर तीच जोडी छान वाजते की." त्यावर कानसेन म्हणाले, "त्यांच्या घराला देणगी आहे. तुला त्यातलं कळत नाही." पुढे ती काही बोलली नाही. ती शिवणकाम करायची, आणि शिवणकाम करणाऱ्या बाईला तोंडात टाचण्या धरून गप्प बसायची सवय असतेच.

एक वस्तू मात्र या सगळ्या उलथापालथीत जागची हलली नाही. ती म्हणजे कानसेनांनी स्वतःच्या हाताने बनवलेली वायर. पहिली जोडी आणली तेव्हाच त्यांनी तांब्याच्या तारा आणून, वेणी घालावी तशा त्या विणून, दोन स्पीकरसाठी दोन जाडजूड दोर तयार केले होते. बायकोने त्यांना मखमली कापडाची खोळ शिवून दिली. खोळ चढवल्यावर प्रत्येक टोकाला बाहेर आलेल्या दोन तारांपैकी एकीला लाल दोरा आणि दुसरीला काळा दोरा कानसेनांनी स्वतः गुंडाळला. आतल्या दोन्ही तारा दिसायला सारख्याच, पण कुठली कुठे जाते हे त्यांना हाताला कळत होतं, असं ते म्हणाले. जोड्या आल्या नि गेल्या, वायर तीच राहिली. तपासणीत काहीतरी एक ठाम असावं लागतं, हे त्यांच्या रक्तात होतं. कुणी चुकून त्या दोराला हात लावला तर ते चिमटा आणायला उठतील असं वाटायचं.

रविवारी डॉक्टर यायचा, कधी स्पीकरच्या दुकानाचा मालकही यायचा. दोघं सोफ्यावर, कानसेन खुर्चीत. डॉक्टरला हळूहळू त्या घरचा आवाज आवडायला लागला. "काय पसरतो हो साहेब तुमच्याकडे आवाज! भिंती ओलांडून जातो. आमच्याकडे आपला मधेच उभा, शाळेत शिक्षा केल्यासारखा." कानसेन गंभीरपणे मान हलवत. मनातून मात्र त्यांना ती दुकानातली बाई हवी असायची, पण लोक स्तुती करत असताना रडगाणं कोण गाणार?

निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांनी स्पीकरच्या दुकानात जाऊन जाहीर केलं, "आता शेवटची जोडी. यानंतर स्पीकर हा शब्द तोंडातून काढणार नाही."

"शेवटची म्हणजे या खेपेची शेवटची ना, साहेब?" दुकानदाराने अदबीने विचारलं. कानसेनांनी त्याच्याकडे तराजू जप्त करताना बघतात तसं बघितलं. दुकानदाराने मग दुकानातली सगळ्यात भारी जोडी काढली. माणसाच्या खांद्याएवढी उंच, लाकडाला अशी झिलई की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. गाणं लागलं. बाई उभी राहिली. इतक्या वर्षांनी तीच, तशीच. कानसेनांनी रुमाल काढून चष्मा पुसण्याचं निमित्त केलं.

"घरी नेऊन ऐका, साहेब. पसंत पडली तर ठेवा, नाहीतर परत."

पण या वेळी कानसेन आधीच तयारीत होते. एवढ्या दांडग्या जोडीला त्यांची बैठकीची खोली पुरणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. बैठकीला लागून एक छोटी खोली होती. तीत शिवणयंत्र, कापायचं टेबल, अर्धवट शिवलेल्या कपड्यांची दांडी, आणि सकाळचा स्वच्छ उजेड देणारी खिडकी. कानसेनांच्या बायकोची घरातली हक्काची जागा एवढीच काय ती उरली होती. मधली भिंत पाडली तर बैठक दुप्पट होणार होती. शिवणयंत्र स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसेल, अशी मापं कानसेनांनी घेऊन ठेवली होती. मापं अचूक होती. फक्त यंत्रापुढे माणूस बसायचा असतो हे त्यात धरलेलं नव्हतं.

हे बायकोला कसं सांगावं या विचारात त्यांचे दोन चहा गार झाले. शेवटी घाबरत घाबरत सांगितलं. ती एका ब्लाउजची बाही उसवत होती. मान वर न करता म्हणाली, "पाडा."

"पाडू?"

"पाडा म्हटलं ना. गवंड्याला कधी बोलावताय ते तेवढं आधी सांगा, कपडे हलवायला हवेत."

कानसेनांना गहिवरून आलं. अशी बायको मिळायला भाग्य लागतं, असं त्यांनी डॉक्टरला फोन करून सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "वहिनी म्हणजे देवमाणूस."

जोडी घरी आली. वायर जोडली. बाई गायब. अपेक्षाच होती, तरी कानसेनांनी पुन्हा एकदा गाणं लावून पाहिलं. गवंडी येऊन भिंतीवर खडूने फुल्या मारून गेला आणि सोमवारी येतो म्हणाला. आता सगळी भिस्त त्या भिंतीच्या पडण्यावर होती.

नव्या जोडीबरोबर एक सीडी आली होती, चाचणीची. कानसेनांनी ती न उघडताच खणात टाकली, शिकाऊ लोकांसाठी असते म्हणून. शुक्रवारी संध्याकाळी ते कचेरीतून आले तेव्हा बायकोने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "अहो, त्या सीडीतल्या बाईचं काहीतरी चुकलंय."

"कुठली बाई?"

"तुमच्या खणातली. मला वाटलं गाणी असतील, म्हणून कपडे आवरताना लावली. तर नुसतीच बोलते ती. म्हणते, आता माझा आवाज बरोबर मधून येतोय. तर तो येतो इकडून तिकडून कुठूनही. आणि मग म्हणते, आता मुद्दाम उलटं केलंय, आता आवाज विस्कटून येईल. तर तेव्हा येतो नेमका मधून! जिथे तिथे उलटंच बोलते. एवढ्या भारी वस्तूबरोबर अशी चुकीची सीडी देतात?"

कानसेन हसले. "काहीतरी ऐकलं असशील तू." मग त्यांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं आणि तिचा 'उलटं' हा शब्द त्यांच्या डोक्यात अडकून बसला. चहावर साय धरली. ती बोलत होती ते त्यांना ऐकू येत नव्हतं.

शनिवारी त्यांनी रजा टाकली. बायको कसलंसं काम आहे म्हणून बाहेर पडल्यावर दार लावलं, सीडी लावली. बाई उलटंच बोलली. मग ते गुडघे टेकून स्पीकरच्या मागे गेले. एका बाजूच्या खोळीची शिवण त्यांनी कातरीने उसवली आणि वेणीतली एक तार बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत धरत नेली. लाल दोऱ्यापासून निघालेली तार काळ्या दोऱ्यात जाऊन पोचली. दुसऱ्या बाजूची वायर बरोबर होती. म्हणजे एक स्पीकर हवा पुढे ढकलत असताना दुसरा मागे ओढत होता, आणि दोघांच्या रस्सीखेचीत बाईचा जीव जात होता. पोटही तिथेच जात होतं. मेहुण्याकडे बाजारातली साधी वायर होती, म्हणून त्याच्या घराला देणगी होती.

त्यांनी त्या एका स्पीकरच्या मागच्या दोन टोकांची अदलाबदल केली. खुर्चीत येऊन बसले. बाई उभी राहिली. मधोमध, पोटासकट. मग त्यांनी कोपऱ्यात ठेवलेली जुनी जोडी ओढून आणली, जी पोट नाही म्हणून परत जायची होती. तिला वायर लावली. तिच्यातही बाई उभी राहिली. याचा अर्थ सगळ्याच जोड्यांत ती उभी होती. राखाडीत, उंच पायांच्या जोडीत, सगळ्यांत. आरशाच्या कपाटासकट, भांड्यांसकट, तसबिरींसकट ती या घरात सुखाने उभी राहिली असती. कानसेनांना लाज वाटली. साधी नाही, कान तापतील अशी.

पण लाज वाटली तरी माणसाचं डोकं चालूच असतं. आणि निरीक्षकाचं डोकं तर पळवाटा ओळखण्यातच मुरलेलं. त्यांच्या लक्षात आलं की अजून काहीच बिघडलेलं नाही. खोळ शिवून टाकायची. नवी जोडी ठेवून घ्यायची. जाहीर करायचं की ही जोडी इतकी थोर आहे की भिंत पाडायची गरजच उरली नाही. बायकोची खोली वाचली, आपलं नाव वाचलं, दुकानदार खूश. कुणाचं काही गेलं नाही. हिशोब चोख होता, आणि कानसेनांना तो बऱ्यापैकी पटलाही. रात्री झोपही लागली.

रविवारी डॉक्टर आणि दुकानदार आले. गाणं लागलं. कानसेन नेहमीसारखी मान तिरकी करून बसले. बाई खोलीच्या मधोमध जीव ओतून गात होती. डॉक्टरचा चेहरा मात्र उतरत गेला.

"साहेब, रागावू नका," गाणं संपल्यावर तो म्हणाला, "पण ते पसरणं गेलं. आवाज एकदम मधे गोळा झालाय. साधा झाला हो. आमच्या घरच्यासारखा."

"खोली," दुकानदार घाईने म्हणाला. "या जोडीला खोली पुरत नाहीये."

"तेच म्हणतो मी! भिंत उद्या पडतेय तेच बरं. खरं सांगू का साहेब, वहिनींच्या त्या खोलीनेच इतकी वर्षं सगळं अडवून धरलंय."

भिंतीपलीकडे शिवणयंत्र चालू होतं ते थांबलं. कानसेनांना वाटलं, आपल्या देखत कुणी भलत्याच माणसाचा तराजू उचलून नेतंय आणि शिक्का आपला आहे.

"खोलीचा काही दोष नाही," ते म्हणाले. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "घराचाही नाही. माझी वायर उलटी होती. एका बाजूची. पहिल्यापासून. मी बनवली, मीच चुकीचे दोरे बांधले, आणि इतकी वर्षं एकदाही उघडून पाहिली नाही. तुम्ही ज्याला पसरणं म्हणता ती चूक होती. माझी."

दुकानदाराने डॉक्टरकडे पाहिलं. मग डॉक्टरने सावकाश मान हलवली.

"उलटी," तो म्हणाला. "म्हणजे एकच बाजू?"

"अहो, चूक होती ती!"

"कळलं, कळलं." डॉक्टरने डोळे बारीक केले. "इतकी वर्षं विचारतोय, रहस्य काय, रहस्य काय. आज सांगितलंत. मोठं मन लागतं त्याला."

दुकानदाराला वेगळंच कळलं. जोडी परत करण्यासाठी साहेबांनी काढलेली ही नवी युक्ती असावी, आणि तीही दाद देण्यासारखी, असं त्याला वाटलं. "साहेब, नको असेल तर नको म्हणा ना. वायरीला कशाला बदनाम करता?" तो म्हणाला. दोघं गेले. तासाभरात डॉक्टरचा फोन आला. त्याने घरी जाऊन आपल्या एका स्पीकरची वायर उलटी केली होती. "काय सांगू साहेब! भिंतीच नाहीशा झाल्या!" तो ओरडत होता. कानसेनांनी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा तराजू उचलून न्यायला घेतला होता, आणि कुणी नेऊ देईना.

ते उठून बायकोच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. आत कपड्यांची दांडी रिकामी होती. कपडे बोचक्यांत बांधून झाले होते.

"त्या बाईचं चुकलेलं नव्हतं," ते म्हणाले.

"ऐकलं मी."

"तुझं कपाट, भांडी, सगळं मी उगाच..." ते बोचक्यांकडे बघत राहिले. "गवंड्याला नको म्हणून सांगतो. भिंत राहू दे. तुझी खोली तुझीच. ही बोचकी सोड आता, मीच लावून देतो परत."

तिने टाचण्यांची डबी मिटली. "अहो, बोर्ड रंगवून झालाय."

"कसला बोर्ड?"

"मी गाळा घेतलाय. बसथांब्याच्या पुढे, औषधाच्या दुकानाशेजारी. तुम्ही भिंतीचं काढलंत ना, त्याच दिवशी विचारून आले. काल बोर्ड बघायलाच गेले होते. उजेड चांगला आहे तिथे. येणाऱ्याजाणाऱ्याला आत बघता येतं, मलाही बाहेर बघता येतं."

"पण आता गरज नाही," कानसेन म्हणाले. "भिंत पडत नाहीये."

"पाडा नाहीतर ठेवा. मी उद्यापासून तिकडे बसणार." ती रागाने बोलत नव्हती. रागाने बोलली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि तो बराच जुना असावा, निदान त्या गार झालेल्या चहांइतका. देवमाणसाने "पाडा" का म्हटलं होतं ते कानसेनांना आत्ता उमगलं.

त्यांना तिला थांबवायचं होतं आणि थांबवायला काही कारण हातात नव्हतं. एकच गोष्ट होती. "एक गाणं ऐकशील?" त्यांनी विचारलं. "बसून. खुर्चीत."

तिने घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि आली. खुर्चीत अशी टेकली की जणू दवाखान्यात नंबर लागायचाय. कानसेनांनी नवी जोडी बाजूला सारली, जुनीच लावली. गाणं सुरू झालं. बाई समोर येऊन उभी राहिली. ते स्वतः भिंतीला टेकून उभे होते, तिथून त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती हळूहळू मागे टेकली. कडव्याच्या शेवटी तिचे डोळे मिटले.

गाणं संपलं. तिने डोळे उघडले.

"छान वाटलं," ती म्हणाली. "बाकीच्यांच्या घरी असंच ऐकू येतं ना?"

"हो," कानसेन म्हणाले. "असंच येतं."